पिंप

मे २०२३ मधल्या एका शनिवारी आमच्या चाळीखाली भंगारवाल्याची हातगाडी लागली आणि आईने मोरीतलं पिंप त्याला देऊन टाकलं. दोनशे लिटरचं, निळं, तळाला शेवाळाचा कायमचा डाग असलेलं. तो म्हणाला दीडशे. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून चाळीस वर्षं हुज्जत घालत आलेली माझी आई, पण तिने घासाघीस केली नाही. "ने एकदाचं," एवढंच म्हणाली आणि ते जिन्यावरून धडधडत जाताना बघायलाही गॅलरीत आली नाही.

आम्ही गिरगाव सोडून बदलापूरला राहायला गेलो, त्याची ही गोष्ट. अजूनही लोक विचारतात, "कसं वाटतंय तिकडे?" मी काय उत्तर देईन ते त्या दिवशी गाडी कशी मिळाली यावर असतं.

आमची चाळ ठाकूरद्वारच्या बाजूला. १९४० च्या आधीची, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी, उपकरप्राप्त इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळून सव्वादोनशे चौरस फूट, भाडं महिना १८६ रुपये. भाड्याचा हा आकडा ऐकून ऑफिसातले लोक हळहळायचे. पण त्या आकड्यात पहाटे साडेचारचा नळ नव्हता. मजल्याच्या टोकाला तीन संडास आणि बिऱ्हाडं अकरा, हेही नव्हतं. मागच्या भिंतीला २०१७ सालापासून लोखंडी टेकू लावलेले होते. त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधायची सोय झाली, असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो.

साडेचारला नळ यायचा, सहाला जायचा. आई सव्वाचारला उठायची. आधी पिंप, मग हंडा-कळशी, मग बालद्या, शेवटी पातेली. लहानपणापासून मी हा आवाज झोपेत ऐकत आले. रिकाम्या पिंपात पाणी पडताना होणारा पोकळ आवाज हळूहळू भरीव होत जातो. तो पुरता भरीव झाला की अजून पाऊण तास झोपायला मिळणार, हे मला ठाऊक असायचं. आईला तो पाऊण तास कधीच मिळाला नाही आणि हे माझ्या ध्यानात यायला मला चाळिशी गाठावी लागली.

पुनर्विकासाची पहिली मीटिंग झाली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर तीन बिल्डर येऊन गेले. तिघांनीही पेढे वाटले. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) च्या नियमाने प्रत्येक भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट मिळतात, शिवाय घर मालकीचं होऊन जातं, त्यामुळे चाळ सोडून जाणारा मूर्ख, असं सगळ्यांचं म्हणणं. बाबांचंही. "इतकी वर्षं काढली, अजून पाच काढू." हे त्यांनी २००८ मध्येही म्हटलं होतं.

आईचे गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं, जिने टाळा, उकिडवं बसणं बंद करा. चाळीत दोन्ही अशक्य. पण निर्णय गुडघ्यांमुळे झाला नाही. वर्षभरात आईला दोनदा लघवीचा संसर्ग झाला. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?" आई गप्प बसली. घरी आल्यावर तिने सांगितलं की संध्याकाळी सहानंतर ती पाणी पीतच नाही. रात्री उठून गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, अंधारात, त्या गुडघ्यांनी, म्हणून. मोरीत पिंपभर पाणी आणि आई तहानलेली. त्या रात्री मी पुण्याला दादाला फोन केला आणि म्हटलं, आपण खोली विकतोय.

पागडीची खोली विकणं म्हणजे खरं तर विकणं नव्हेच, भाडेकरूचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करून देणं. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, पण कायद्याने त्याला सरळ मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. आलेल्या रकमेतला हिस्सा घरमालकाला द्यावा लागतो, आमच्याकडची रीत एक-तृतीयांशाची. गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळालं. त्याला तिथे राहायचंच नव्हतं, खोली अडवून पुनर्विकासाची वाट बघायची होती. वेळ लागला तो भाडेपावती त्याच्या नावावर व्हायला. पाच महिने. मालकाच्या कचेरीतला माणूस दर खेपेला एक नवीन कागद मागायचा. आजोबांच्या मृत्यूचा दाखला, मग त्यांच्या नावाची पहिली पावती, मग आत्याचं ना-हरकत पत्र. पहिली पावती बाबांनी देवघराच्या फळीमागून काढली. एका माणसाने आयुष्यात एवढी कागदं जपून ठेवली ती हेच घर सोडण्याच्या कामी आली, असं काहीतरी ते पुटपुटले.

मालकाचा तिसरा हिस्सा गेल्यावर हातात जे उरलं, त्यात गिरगावात वन आरकेसुद्धा येत नव्हतं. मग सुरू झाला सेंट्रल लाइनवरचा आमचा उलटा लिलाव. मुलुंडला त्या पैशांत एक खोली. डोंबिवलीला वन बीएचके, तोही जुना. अंबरनाथला जरा ऐसपैस. बदलापूरला टू बीएचके, लिफ्ट, दोन संडास. स्टेशन पुढे सरकलं की घर वाढत जायचं. सीएसएमटीपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. बाबा म्हणाले, "म्हणजे इथवर आलं की घोडासुद्धा दमतो."

आम्ही घर बघायला गेलो एका रविवारी, सकाळी अकराच्या गाडीने. खिडकी मिळाली. गार वारा आला, कल्याणच्या पुढे हिरवं दिसायला लागलं. सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून चंदेरीचा सुळका दिसत होता. आईने डोंगर पाहिलाच नाही. ती आत जाऊन कमोडच्या बाजूच्या भिंतीला आधाराची दांडी बसेल का, ते चाचपत होती.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही तशी हुशारी केली. गृहप्रकल्पाचा रेरा नोंदणीचा नंबर तपासला, भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बयाणा दिला नाही, वकिलाला जमिनीचा शोध घ्यायला लावला. घर एकट्या आईच्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही, तेवढाच दिलासा. एक गोष्ट मात्र वकिलाने नाही, रिक्षावाल्याने शिकवली. त्याला विचारलं, "इथे पाणी कुठवर येतं?" त्याने रिक्षा थांबवली आणि २६ जुलै २००५ ला कुठे, २०१९ ला कुठे, असं हात दाखवत सांगितलं. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, ते टीव्हीवर पाहिलं होतंच. उल्हास नदी पश्चिमेकडून जाते. आम्ही पूर्वेला, चढावरचं घर घेतलं.

ठरवण्याआधी आम्ही जेवणाच्या टेबलावर, म्हणजे तेव्हा टेबल नव्हतं, दिवाणावर बसून एक कागद केला होता. डावीकडे गिरगावचे तोटे, उजवीकडे बदलापूरचे. डावी बाजू गच्च भरली: नळ, संडास, जिना, टेकू, उंदीर, गणपतीतला लाऊडस्पीकर, भुयारी मेट्रोच्या कामाने रात्री हलणारी मांडणीतली भांडी. उजवीकडे मी एक शब्द लिहिला, "प्रवास". दादाने फोनवरून भर घातली, "पाऊस". बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे." त्यांच्याकडून त्या कागदावर एकही शब्द आला नाही, आणि आम्हाला ते समंजसपणाचं वाटलं.

सामान हलवलं ते एका दिवसात. गोदरेजचं कपाट जिन्यातून उतरेना, गॅलरीतून दोरांनी सोडलं. अख्खी चाळ बघायला.

पहिले सहा महिने आई हरखलेली होती. दुपारी दोनला उगाच नळ सोडून बघायची. बंद करायची, परत सोडायची. सकाळी साडेसहापर्यंत झोपायला लागली. गुडघे बरे झाले नाहीत, पण दुखण्याबद्दल बोलणं कमी झालं. संसर्ग परत झाला नाही. तिच्यापुरता विषय तिथे संपतो. गिरगावची आठवण येते का असं विचारलं की ती म्हणते, "माणसांची येते. घराची नाही."

बाबांचं वेगळं. गिरगावात त्यांना दुधाला पाठवलं तर दीड तासाने परत यायचे. न्हाव्याकडे पेपर, कोपऱ्यावर दोन मित्र, वाटलं तर साहित्य संघाच्या नाट्यगृहात संध्याकाळी काय आहे ते बोर्डावर वाचून यायचं, संध्याकाळी चौपाटी. इथे दुधाला गेले की सात मिनिटांत परत. दूध गेटवरच मिळतं. सुरुवातीला मला हे सोयीचं वाटलं. नंतर लक्षात आलं की ते दिवसभरात सात मिनिटंच घराबाहेर असतात. कॉम्प्लेक्समध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, तिथे ते दोनदा जाऊन आले. "सगळे आपापल्या मुलांच्या पगाराबद्दल बोलतात," म्हणाले. गिरगावात काय याहून उच्च बोलायचे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिथे पन्नास वर्षांची सवय होती, ती कट्टा बांधून होत नाही.

आता माझं. ऑफिस फोर्टात. गिरगावातून बसने वीस मिनिटं, मूड असेल तर चालत पस्तीस. बदलापूरहून: घर ते स्टेशन शेअर रिक्षाची रांग धरून वीस मिनिटं, गाडीत दीड तास, पुढे दहा मिनिटं पायी. परतीचं तेवढंच, अधिक उशीर. "प्रवास" हा जो एक शब्द मी कागदावर लिहिला होता, तो रोजचे चार तास खातो.

आणि ही वेळ नुसती बसून जाते असंही नाही. बदलापूरहून सुटणारी गाडी म्हणजे बसायला मिळणार, असं मला भाबडेपणाने वाटलं होतं. पण अंबरनाथच्या बायका आधीच उलट दिशेने डाऊन करून त्याच गाडीत बसून आलेल्या असतात. गाडी फलाटाला लागते तीच भरलेली. त्यावरून रोज वाद. बदलापूरवाल्या म्हणतात आमची गाडी, अंबरनाथवाल्या म्हणतात पास आम्हीपण काढलाय. दोघींचंही खरं आहे. मग आत शिरल्यावर "कुठे?" असं एकेकीला विचारत जायचं. कोणी ठाणे म्हटलं तर नशीब, घाटकोपर म्हटलं तर बरं, सीएसटी म्हटलं की पुढची. एकदा नंबर लावला की ती सीट तुमची, त्यात फसवाफसवी नसते. एवढा चोख कारभार मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाहिला नाही. आणि हो, गाडीत भाजी निवडणाऱ्या बायका फोटोत छान दिसतात. मला वर्षभरात मांडीवर कोथिंबिरीची जुडी ठेवण्याएवढी जागा मिळालेली नाही.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांतून माणसं पडली, काही जण गेले. मी त्याच्या आधीच्या गाडीने पुढे निघून गेले होते. आईचे अकरा मिसकॉल. फोन लावला तर ती रडत नव्हती. म्हणाली, "तू मला पाण्यासाठी उठू देत नाहीस, आणि स्वतः काय करतेस?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

एक रात्र सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता बाबांची लघवी अडली. पोट फुगून दगड झालेलं, त्यांना उभंही राहवेना. वीज होती, लिफ्ट चालू होती, शेजारच्यांनी व्हीलचेअर आणून दिली, पाच मिनिटांत आम्ही खाली. आणि तिथे थांबलो. रिक्षा नाही. रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांनी. जवळच्या दवाखान्यात नळी घालणारं त्या वेळी कोणी नव्हतं, "कल्याणला न्या" म्हणाले. खड्ड्यांतून कल्याण. प्रत्येक खड्ड्याला बाबा ओठ आवळून माझं मनगट दाबायचे. बोटांचे वळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होते.

रुग्णवाहिकेत मला आजी आठवली. १९९६ मध्ये तिला अटॅक आला तेव्हा चाळीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला साडी बांधून, त्या काटकोनी जिन्यावरून उतरवलं होतं. उतरवायलाच पंधरा मिनिटं लागली, वळणावर खुर्ची अडकली, कोणीतरी कठड्याचा लाकडी दांडा मोडून वाट केली. पण खाली उतरल्यावर हॉस्पिटल आठ मिनिटांवर होतं. तिथे घरातून बाहेर पडणं अवघड होतं, इथे बाहेर पडल्यानंतरचं सगळं. आजी वाचली, बाबाही वाचले, त्यामुळे या तुलनेचा निकाल लागत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात सोसायटीत नोटीस लागली: पाणी दिवसाआड, टँकर मागवला जाईल, खर्च मेंटेनन्समध्ये. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्राचा वारा तर अडुसष्ट किलोमीटर मागे राहिलेला. त्यातच दुरुस्तीसाठी म्हणून वीज जायला लागली. जनरेटर बिघडलेला, लिफ्ट बंद. म्हणजे चाळीत दोन मजले होते, इथे सहा. त्या आठवड्यात आई चार दिवस घराखाली उतरली नाही. शनिवारी मी बाजारात गेले आणि पिंप घेऊन आले. निळंच. नऊशे रुपये. रिक्षात ते मांडीवर आडवं धरून येताना मला लाज वाटत होती. दार उघडून आईने पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाकण नीट बसतं का बघून घेतलंस?"

ते तिने संडासाच्या शेजारी ठेवलंय. टँकर सकाळी दहाला येतो, सव्वाचारला नाही. फरक विचाराल तर हा आहे, आणि तो तिच्या लेखी पुरेसा आहे.

तो जुना कागद मला परवा बँकेच्या फाइलमध्ये सापडला. वाचताना जाणवलं की आम्ही तोटे मोजले, पण ते कुणाच्या वाट्याचे हे मांडलंच नव्हतं. गिरगावच्या यादीतल्या सात गोष्टींपैकी पहिल्या चार आईच्या अंगावर होत्या. मी त्या घरात झोपायला आणि जेवायला होते. उजव्या बाजूचा मी लिहिलेला शब्द माझ्या अंगावर आला. चाळिशीतली मी तो उचलू शकते, सत्तरीतली ती पिंप उचलू शकत नव्हती, म्हणून या अदलाबदलीबद्दल माझी तक्रार नाही. बाबांचं जे गेलं त्याला तोटा म्हणावं हेच आम्हाला सुचलं नव्हतं. त्यांनाही सुचलं नसेल, किंवा सुचूनही ते बोलले नसतील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव स्टेशन आमच्या जुन्या घरापासून चालण्याच्या अंतरावर. जिच्या कामाने आमची मांडणी हलायची, ती आम्ही निघून गेल्यावर आली. बाबा एका मंगळवारी सकाळी अकराच्या रिकाम्या लोकलने एकटेच गेले. सीएसएमटीहून मेट्रोत बसले, काळबादेवी, मग गिरगाव. म्हणाले, "आपल्या गेटपासून रिक्षास्टँडला जायला याहून जास्त वेळ लागतो." चाळ तशीच उभी आहे. टेकूही तसेच. आमच्या खोलीला कुलूप आहे आणि दारावर नवीन माणसाच्या नावाची पाटीही नाही. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. आता ते दर मंगळवारी जातात, तीनच्या आत परत निघतात, गर्दी व्हायच्या आधी. आई डबा देते.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत राहते. तिला बदलापूरला फ्लॅट घ्यायचाय. तिने मला सगळं खोदून खोदून विचारलं, मी सगळं सांगितलं, वर जे लिहिलंय ते आणि थोडं जास्त. म्हटलं, घर बघायला येशील तेव्हा आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये. सकाळी माझ्याबरोबर साडेपाचला ऊठ, रिक्षाच्या रांगेत उभी राहा, माझ्या गाडीने ऑफिसला ये, संध्याकाळी परत माझ्याबरोबर जा आणि मग बयाण्याचा चेक लिही. सासूबाईंना आण आणि त्या दिवसभर घरात काय करतील ते त्यांनाच विचार. ती म्हणाली, "हो ताई, नक्की."

रविवारी आली, नवऱ्याला घेऊन, अकराच्या गाडीने. बाल्कनीत उभं राहून दोघांनी चंदेरीबरोबर फोटो काढले. हवा किती छान आहे म्हणाले. दुपारी जेवून जाताना चेक देऊनच गेले.